पणजोबा नेमके कधी गेले?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या घराण्याची वंशावळ नीट लिहून काढण्याचा प्रयत्न करते आहे. आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातले. तहसील कार्यालयातून मला पणजोबांच्या मृत्यूची कोतवाल बुकातील, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या सरकारी वहीतील, मोडी नोंद मिळाली. ती वाचून घेतल्यावर ६ नोव्हेंबर १९१८, वय ४०, कारण ताप, असे निघाले. आमच्या घरी मात्र ते प्लेगने गेले असे सांगतात, त्यांचे श्राद्ध आश्विन वद्य दशमीला होते आणि त्यांनी त्या वर्षीची दिवाळी पाहिली नाही, असे आजी म्हणायची. आजोबा १९७४ साली गेले. महापालिकेच्या दाखल्यावर मृत्यूचे ठिकाण नाशिक आहे, नोंदणी १९७६ची आहे, वडिलांचे नाव कोतवाल बुकातल्यापेक्षा वेगळे आहे आणि मृत्यूचे कारण दिलेलेच नाही. विचारले तर ते देता येत नाही, असे सांगितले. आत्या ठामपणे म्हणते की त्यांना गावीच अग्नी दिला. पणजीची नोंद मात्र कुठेच नाही. ग्रामपंचायतीने १९१९ ते १९५० या काळासाठी नोंद आढळून येत नाही, असा दाखला दिला आहे. तिच्यासाठी आमच्याकडे पितृपक्षात नवमीला सवाष्ण जेवायला बोलावतात आणि आजोबांना त्यांच्या चुलत्यांनी वाढवले, एवढेच मला ठाऊक आहे. कागद खरा मानायचा की घरातली माणसे? पणजोबांच्या नोंदीच्या पानाचा फोटो सोबत पाठवला आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि पानाचा फोटो मी काळजीपूर्वक पाहिला. आपले कागद आणि आपल्या घरातल्या आठवणी यांच्यात आपल्याला वाटतो तेवढा विरोध मला दिसत नाही. मृत्यूची सरकारी नोंद म्हणजे कोणीतरी, कोणाला तरी, काही कारणाने सांगितलेली आणि बहुतेक वेळा तिसऱ्याच माणसाने लिहिलेली माहिती असते. त्यामुळे संपूर्ण नोंद खरी किंवा संपूर्ण नोंद खोटी असा निवाडा करण्याऐवजी एकेक रकाना वेगळा घ्यावा आणि ही गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःला माहीत होती का, लिहिणाऱ्याने ती कधी लिहिली आणि ती बिनचूक असण्याची त्या दोघांना किती गरज होती, हे विचारावे. कोतवाल बुकातले वय आणि त्यातला मृत्यूचा महिना एकाच ओळीत असले, तरी दोन्हींवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

आधी पणजोबांची तारीख पाहू. आपण पाठवलेल्या पानावर ६ नोव्हेंबर ही तारीख सर्वांत वरच्या नोंदीपुढे पूर्ण लिहिलेली आहे आणि तिच्याखालच्या सहा नोंदींपुढे नुसते ‘सदर’ आहे. आपले पणजोबा वरून चौथे. सातही नोंदींचे अक्षर एक, शाई एक, आणि ओळी इतक्या सलग की लेखणी मध्ये खाली ठेवल्याचे कुठे जाणवत नाही. याच्या आधीची तारीख मात्र ऑक्टोबरच्या मध्यावरची आहे. एखाद्या खेड्यात जवळजवळ तीन आठवडे कोणीच दगावले नाही आणि मग एकाच दिवशी सात माणसे गेली, असे ऑक्टोबर १९१८मध्ये घडणे फार अवघड आहे. कोतवाल गावात फिरून खबर आणी आणि वहीत लिहिणारा बहुधा दुसराच, कुलकर्णी किंवा तलाठी, असे. त्यांच्यापैकी एक जण आजारी पडला किंवा गावाबाहेर असला की नोंदी तुंबत आणि मग एका बैठकीत उतरवल्या जात. म्हणून ६ नोव्हेंबर ही माझ्या मते लिहिण्याची तारीख आहे. मृत्यू त्या दिवशी किंवा त्याच्या आधी झाला, एवढेच ती खात्रीने सांगते.

आता श्राद्धाची तिथी या मोजपट्टीवर लावून पाहा. १९१८ साली दिवाळीची अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमारास होती, त्यामुळे आश्विन वद्य दशमी २९ ऑक्टोबरच्या आसपास येते. म्हणजे दसरा होऊन गेलेला आणि दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली. त्यांनी दिवाळी पाहिली नाही, हे आजीचे वाक्य तिथीशी जुळते आणि वहीतील तारखेच्या आधीच्या रिकाम्या दिवसांतही नेमके बसते. सरकारी वहीपेक्षा घरातली तिथी अधिक विश्वासाची ठरावी, असे प्रसंग मृत्यूच्या बाबतीत वारंवार येतात, कारण तिथी पहिल्याच वर्षी भटजींना सांगावी लागते, वर्षश्राद्धाला ती पुन्हा उच्चारली जाते आणि त्यानंतर दर वर्षी तिची उजळणी होते. तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना मात्र एका दिवसाची सूट ठेवावी. श्राद्धासाठी मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी धरतात, घरातली माणसे दिवस सूर्योदयापासून मोजतात आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पहाटे तीन वाजता गेलेल्या माणसाच्या बाबतीत या तीन हिशेबांतून दोन वेगवेगळ्या तारखा सहज निघतात. शक्य असेल तर त्या वर्षीचे, म्हणजे शके १८४०चे पंचांग मिळवून तिथी प्रत्यक्ष पाहावी. आपल्या शहरात सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० सालापासूनची संस्था आहे. तिथे जुन्या पंचांगांची चौकशी जरूर करावी. वंशावळीत मी स्वतः ‘ऑक्टोबर १९१८ची अखेर (तिथीवरून), नोंद ६ नोव्हेंबर १९१८’ असे दोन्ही लिहीन आणि कोणती तारीख कुठून आली, हे पुढच्या पिढीला दिसू देईन.

मृत्यूच्या कारणाचा रकाना हा या सगळ्यांत कच्चा. त्या काळी गावपातळीवर कारण ठरवायला डॉक्टर नसत. कोतवालाने जे ऐकले ते लिहिले जाई, आणि वरच्या कचेरीला जे तक्ते पाठवायचे त्यांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात आणि इतर असे मोजकेच वर्ग असत. या वर्गांपैकी ताप हा सर्वांत मोठा डबा होता. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, न्यूमोनिया, अंग तापून माणूस गेला की बहुतेक सारे त्यात जाई. १९१८च्या शरद ऋतूत त्यात आणखी एका रोगाची भर पडली. इन्फ्लुएन्झाची जी जागतिक साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली, तिची पहिली, सौम्य लाट मुंबईत जूनमध्ये आली आणि दुसरी, प्राणघातक लाट सप्टेंबरपासून पसरून मुंबई इलाख्यात ऑक्टोबरमध्ये शिगेला पोचली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. साथ रेल्वेच्या मार्गाने आत शिरली, आणि निफाड व लासलगाव ही स्टेशने तर मुंबईहून मनमाडकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरचीच. हिंदुस्थानभर किती माणसे दगावली, याचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत, आणि १९११ ते १९२१ हे जनगणनेतले एकच दशक असे आहे की ज्यात देशाची लोकसंख्या घटली. या साथीचे एक वैशिष्ट्य असे की म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांच्याबरोबर वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसेही तिने मोठ्या संख्येने नेली. आपले पणजोबा त्याच वयाचे, त्याच आठवड्यांतले आणि कारण ताप. ते मानमोडीने गेले असावेत, असे मी म्हणेन, परंतु ‘असावेत’ हा शब्द वंशावळीतही काढू नये.

मग घरात प्लेग कसा सांगत आले? प्लेग मुंबईत १८९६ साली आला आणि पुढची वीस-बावीस वर्षे नाशिक जिल्ह्यासह सगळ्या दख्खनमध्ये परत परत येत राहिला; गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहणे, ही त्या पिढीची घट्ट आठवण आहे. दोन-तीन पिढ्यांनंतर सगळ्या साथी मिळून एकच प्लेग होऊन जातो, यात आजीचा दोष काहीच नाही. याची एक पडताळणी आपल्याला करता येईल. त्याच वहीची १९१८च्या आधीची पाने उघडावीत आणि त्याच अक्षरात ‘प्लेग’ किंवा ‘गाठ’ असे कुठे लिहिले आहे का, ते पाहावे. सरकारचे प्लेगवर विशेष लक्ष असल्याने तो वेगळा नोंदवण्याकडे कल असे. तोच लिहिणारा इतरत्र प्लेग लिहितो आणि इथे ताप लिहितो, असे आढळले, तर प्लेगची शक्यता बरीच मागे पडते. वहीत प्लेग हा शब्दच कुठे नसेल, तर मात्र यावरून काही ठरवता येणार नाही.

वयाविषयी थोडक्यात सांगतो. त्याच पानावरची वये ४०, ३०, ६०, २५, ४० अशी आहेत; कोणाचेही वय ३७ किंवा ४२ नाही. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे आणि कोतवाल अंदाजाने गोल आकडा सांगे. तेव्हा ४० वरून १८७८ हे जन्मवर्ष काढून ते वंशावळीत पक्के करू नये. १८७० ते १८८५ एवढा पल्ला धरावा आणि मुलांच्या वयांवरून तो हळूहळू आवळावा.

मोडीबद्दल एक विनंती आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि घाईच्या लिखाणात अक्षरे एकमेकांत शिरतात. म्हणून नोंद दुसऱ्या एखाद्या मोडी वाचकाकडून पुन्हा वाचून घ्यावी आणि त्याला आपल्या घराण्यातली नावे आधी सांगू नयेत. अपेक्षित नाव ठाऊक असले की डोळे तेच वाचतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देत आले आहे. अशा वर्गातून तयार झालेली मंडळी नाशिकमध्येही भेटतात. वाचताना ‘बिन’ किंवा ‘वलद’ याच्या पुढे बापाचे नाव आहे आणि ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ याच्या पुढे नवऱ्याचे, एवढे ध्यानात ठेवले तर निम्मा गोंधळ टळतो. संपूर्ण पान वाचून घ्यावे, एक ओळ नव्हे. मराठा-कुणबी नोंदींसाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हापासून गावोगावची कोतवाल बुके उघडली गेली आणि अनेक ठिकाणी ती स्कॅनही झाली, ही इतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली आहे. पण बहुतेक कुटुंबे जातीचा रकाना मिळाला की पान मिटतात. त्याच पानावर आपले शेजारी, भाऊबंद आणि कदाचित आपल्याच घरातली एखादी मुलगी नोंदलेली असते, आणि तिची आठवण काढणारे दुसरे कोणीही उरलेले नसते.

आजोबांच्या दाखल्याकडे वळतो. त्यांच्या मृत्यूच्या वेळी व्यवस्था बदललेली होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा आणि तो महाराष्ट्रात १९७०पासून अमलात आला. या कायद्याचे मूळ सूत्र असे की मृत्यू जिथे घडला तिथेच तो नोंदवायचा. माणूस कुठला राहणारा होता आणि त्याला अग्नी कुठे दिला, याचा नोंदणीच्या ठिकाणाशी संबंध नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर इथली अत्यवस्थ माणसे तेव्हाही नाशिकच्या सिव्हिलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात आणली जात, आणि तिथे प्राण गेला की नोंद नाशिकला होई, मग घरचे मृतदेह गावी नेऊन तिथे अंत्यसंस्कार करीत. आत्याने अग्नी पाहिला आणि दाखल्याने शेवटचा श्वास नोंदवला; दोन्ही बरोबर असू शकतात. गावी शोधून नोंद मिळत नाही म्हणून निराश झालेल्यांनी सर्वांत आधी जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या शहरात शोधावे, ते याच कारणाने. याच्या उलट बाजूही लक्षात असू द्यावी. नाशिक हे तीर्थक्षेत्र असल्याने यात्रेला किंवा सिंहस्थाला आलेले दूरदूरचे लोक इथे दगावले आणि इथल्याच वहीत राहिले, तेव्हा नाशिकच्या वहीत आपल्या आडनावाचा माणूस सापडला म्हणून तो आपला नातलग ठरत नाही. त्याचा कायमचा पत्ता पाहावा.

दाखल्याच्या माथ्यावर नाशिक महानगरपालिका असे छापलेले पाहून आपण गोंधळू नये. महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. १९७४ साली इथे नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगवेगळ्या नगरपालिका होत्या, आणि देवळाली छावणी तर आजही स्वतंत्र आहे. आजचा दाखला हा जुन्या वहीवरून आजच्या नमुन्यात उतरवलेला कागद आहे, आणि उतरवताना चुका होतात, रकानेही गळतात. म्हणून नुसत्या दाखल्यावर समाधान न मानता मूळ नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत मागून पाहावी. कायद्याच्या कलम १७ नुसार कोणालाही नोंदीचा शोध घेण्यासाठी आणि उताऱ्यासाठी शुल्क भरून अर्ज करता येतो. त्या पानावर खबर देणाऱ्याचे नाव असते, आणि माझ्या लेखी ते मृताच्या नावाखालोखाल महत्त्वाचे आहे.

नोंदणी १९७६ची असणे ही तर आपल्यासाठी पुढच्या शोधाची वाट आहे. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. एक वर्ष उलटून गेले असेल, तर त्या काळच्या तरतुदीप्रमाणे प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नसे. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी करतात. याचा अर्थ असा की आपल्या घरातल्या कोणीतरी १९७६ साली अर्ज केला, मृत्यू कधी आणि कुठे झाला याचा पुरावा दिला आणि आदेश मिळवला. दोन वर्षांनी एवढी खटपट कोणी सहसा सहज करीत नाही. जमिनीला वारस लावायचे असतील, निवृत्तिवेतन किंवा विम्याचे काम असेल. नोंदीच्या शेऱ्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख आहे का, ते पाहावे, आणि त्याच सुमाराचा गावचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, काढावा. उशिराच्या नोंदीचा एक धोकाही सांगायला हवा. इथे तारीख आठवणीतून सांगितलेली असू शकते. दवाखान्याचा कागद जोडून केलेली उशिराची नोंद आणि केवळ प्रतिज्ञापत्रावर केलेली नोंद यांत फरक आहे, म्हणून आजोबांच्या तिथीशीही हा दाखला एकदा ताडून पाहावा.

मृत्यूचे कारण आपल्याला दिले नाही, याबद्दल आपल्या मनात किंतु आहे, तो काढून टाकावा. त्याच कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मृत्यूच्या नोंदीचा उतारा कोणालाही देताना त्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. मुलगा असो वा नात, नियम एकच. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आपल्याला जे सांगितले, ते कायद्याला धरून होते. १९१८च्या नोंदीत कारण दिसते आणि १९७४च्या दाखल्यात दिसत नाही, हा दोन वेगळ्या काळांतल्या दोन वेगळ्या व्यवस्थांचा फरक आहे. आजोबांचा आजार जाणून घेणे आनुवंशिक दुखण्याच्या दृष्टीने गरजेचे वाटत असेल, तर घरात ठेवलेली दवाखान्याची चिठ्ठी, औषधांची बिले, जुनी पत्रे आणि आत्याची आठवण हेच मार्ग आहेत, आणि त्यांतला शेवटचा मार्ग आधी धरावा.

वडिलांच्या नावातला फरक मला काळजीचा वाटत नाही. गावाच्या वहीत माणूस हाक मारायच्या नावाने जातो, बाळा, नाना, तात्या असा. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी कचेरीत अर्ज लिहिणारा नातू तेच नाव बाळकृष्ण किंवा नारायण असे संपूर्ण आणि शोभेसे लिहितो. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे जमिनीच्या गट किंवा सर्व्हे क्रमांकावरून आणि भावांच्या नावांवरून सिद्ध करावे. वंशावळीच्या हौसेपोटी ही नोंद दुरुस्त करून घेण्याच्या फंदात पडू नये. मालमत्तेसाठी गरज पडली, तर कलम १५ प्रमाणे मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहिली जाते, आणि ही पद्धत फार चांगली आहे. पण संशोधकाने कागद जसा आहे तसा उतरवून घ्यावा आणि आपले मत शेजारी वेगळे लिहावे.

आता पणजीविषयी, ज्या प्रश्नाला आपण पत्रात सर्वांत कमी जागा दिली आहे आणि जिथे माझ्या मते सर्वांत जास्त काम बाकी आहे. नोंद आढळून येत नाही या दाखल्याचा अर्थ एवढाच की त्या कार्यालयाने, त्याच्याकडच्या वह्यांत, आपण सांगितलेल्या वर्षांत शोधले आणि मिळाले नाही. पणजोबांची नोंद आपल्याला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळाली. पणजीसाठी मात्र आपण ग्रामपंचायतीत अर्ज केला. १९७०च्या आधीची कोतवाल बुके ज्या कचेरीत आहेत, तिथे तिचा शोध अजून झालेलाच नाही. शिवाय आपण १९१९पासूनची वर्षे दिली, कारण पणजी पणजोबांच्या मागे गेली असे आपण गृहीत धरले. परंतु आपल्याच पत्रात याच्या विरुद्धचा पुरावा आहे. पितृपक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सौभाग्य असताना गेलेल्या स्त्रीसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. नवरा गेल्यावर काही घरांत ही नवमी थांबते, काही घरांत पुढच्या पिढ्याही ती पाळतात, आणि आपले घर दुसऱ्या प्रकारचे दिसते. ही रीत तिच्याचसाठी पाळली जात असेल, तर ती ऑक्टोबर १९१८च्या आधी गेली, निदान पणजोबांच्या आधी. आजोबांना चुलत्यांनी वाढवले, हेही त्याच दिशेला बोट दाखवते. आई हयात असतीही आणि चुलत्यांच्या एकत्र कुटुंबात तो वाढलाही असता, हे मी नाकारीत नाही. पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की पोर आईबापांविना झाले होते, असे वाटते.

हे निश्चित करणारा कागद मृत्यूच्या नोंदीपेक्षा जमिनीच्या दप्तरात सापडण्याची शक्यता अधिक आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे १९१८च्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार असण्यास जागा आहे. नाशिक जिल्ह्यातले स्कॅन केलेले जुने फेरफार महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. १९१८ ते १९२२ या वर्षांचे फेरफार चाळावेत आणि आजोबांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे शोधावीत. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या वतीने जमीन पाहणारा, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, तिथे नावानिशी लिहिलेला असतो. तिथे ‘आई’ असे असेल, तर त्या तारखेला आजोबांची आई जिवंत होती. मग नवमी कोणासाठी, हा प्रश्न उभा राहील, आणि पणजोबांची दोन लग्ने झाली होती का, हे विचारावे लागेल. पहिली बायको गेल्यावर दुसरी करणे त्या काळी इतके सर्रास होते की वंशावळीत दोघी जणी मिळून एकच पणजी होऊन बसते. तिथे ‘चुलता’ असे असेल, तर नवमीची साक्ष पक्की झाली आणि शोध १९१८च्या मागे न्यावा.

तो शोध दोन ठिकाणी करावा लागेल. पहिले, निफाडच्या अभिलेख कक्षातले आपल्या गावचे तेच कोतवाल बुक, आजोबांच्या जन्मापासून पणजोबांच्या नोंदीपर्यंत. विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१८ची पाने, कारण त्या साथीत तरुण स्त्रिया फार गेल्या आणि एकाच घरातली दोन माणसे आठवड्याच्या अंतराने गेल्याची उदाहरणे त्या वह्यांत जागोजागी दिसतात. तिचे नाव शोधू नये, नवऱ्याचे शोधावे. पुष्कळ ठिकाणी स्त्रीचे नाव न लिहिता ‘अमक्याची बायको’ एवढेच लिहिलेले असते. दुसरे ठिकाण तिचे माहेर. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली मुलगी तिथेच दगावली, तर नोंद माहेरच्या गावी, बापाच्या नावाने आणि तिच्या माहेरच्या नावाने असते. सासरी बदललेले नाव त्या वहीत येण्याचे कारणच नसते. तिच्या पुढच्या ओळीत निनावी ‘मूल’ अशीही एखादी नोंद असू शकते, ती सोडू नये.

माहेरचे गाव ठाऊक नसेल, तर आपल्या घराण्याचे रामकुंडावरचे किंवा त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय कोण, हे आत्यांना विचारावे आणि त्यांच्या वहीत आपले गाव व आडनाव काढून पाहावे. त्या वह्यांत आलेल्या यजमानांची, त्यांच्या आई-वडिलांची, भावांची आणि पुष्कळदा आजोळची नावे लिहिलेली असतात. तिथली तारीख मात्र विधीची असते, मृत्यूची नव्हे. दशक्रियेची असेल तर नऊ दिवस मागे जावे, अस्थिविसर्जनाची असेल तर त्यावरून मृत्यूचा दिवस काढू नये. वहीतला मजकूर फोटोबरोबरच हातानेही उतरवून घ्यावा, आणि पान दाखवणाऱ्यांना दक्षिणा देऊन, त्यांच्या परवानगीनेच. माहेरचे गाव मिळाले की ते ज्या तालुक्यात असेल, तिथल्या तहसीलदारांच्या नावे अर्ज करावा. अर्जात वर्षांचा पल्ला, वडिलांचे नाव आणि ‘कोतवाल बुक, गाव नमुना १४, मृत्यूच्या नोंदी’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे शोधणाऱ्याला कोणते दप्तर काढायचे ते कळेल.